‘ड्रंक अँड ड्राइव्ह’चा गुन्हा : शिक्षा किती, बचाव कसा आणि घाईत ‘कबूल’ म्हटल्याची किंमत

औंढा नागनाथ तालुक्यातलं सिद्धेश्वर म्हटलं की पूर्णा नदीवरचं धरण डोळ्यांसमोर येतं. पावसाळ्यात पाणी बघायला, सुट्टीत मित्रांसोबत जेवण करायला हिंगोली, वसमत, जिंतूरकडची पोरं इकडे येतात. सगळेच फक्त जेवायला येतात असं नाही, हेही सर्वांना ठाऊक आहे. मग परतीच्या रस्त्यावर नाकाबंदी लागते, मशीनमध्ये फुंकायला लावतात आणि रात्री अकराला घरी फोन येतो.

आपल्या घरांत दारूचं नाव निघणं हीच मुळात मोठी नामुष्की. त्यामुळे पुढं काय होतं? वडील किंवा चुलते सकाळी ठाण्यात जातात आणि एकच गोष्ट म्हणतात, ‘साहेब, जो काय दंड असेल तो भरतो, पण गवगवा नको.’ पोरगा न्यायालयात उभा राहतो, गुन्हा कबूल करतो, दहा हजार भरतो आणि प्रकरण मिटलं असं सगळे समजतात. ते मिटलेलं नसतं. त्या एका ‘कबूल’ शब्दासोबत कायद्यानं काय काय येतं, हे बहुतेकांना नंतर कळतं. खरोखर प्यायलेल्या माणसाला सोडवायची युक्ती इथं मिळणार नाही. आपल्यावर नेमका कोणता आरोप आहे, तो कशावर टिकतो आणि निर्णय घेण्याआधी काय बघायचं, एवढंच इथं सांगायचं आहे.

कायदा नेमकं काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १८५ हे या गुन्ह्याचं मूळ कलम. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना मोटार वाहन चालवणं किंवा चालवण्याचा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे. प्रमाण ब्रेथ अॅनालायझरनं किंवा प्रयोगशाळेच्या चाचणीनं सिद्ध करायचं असतं. दुचाकी, ऑटो, टेम्पो, ट्रॅक्टर, सगळं यात आलं. ‘मोटरसायकलच होती हो’ या बोलण्याला काही अर्थ नाही.

पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या आणि त्यापुढच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिला दंड २,००० रुपयांपर्यंत होता आणि आधीचा गुन्हा तीन वर्षांच्या आतला असेल तरच पुढचा ‘दुसरा’ धरला जायचा. ही तीन वर्षांची अट आता काढून टाकली आहे. म्हणजे विसाव्या वर्षी कबूल केलेला गुन्हा पस्तिसाव्या वर्षीही ‘पहिला’ म्हणून मोजला जाऊ शकतो.

गांजा, नशेच्या गोळ्या (आपल्याकडे पोरं ‘बटन’ म्हणतात त्या) किंवा इतर अमली पदार्थ असतील तर ३० मिलिग्रॅमसारखा आकडा नाही. गाडीवर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल होता, हे दाखवावं लागतं. त्याशिवाय अमली पदार्थांचा वेगळा कायदा आहेच आणि तो फार कडक आहे.

३० मिलिग्रॅम म्हणजे किती? साठ मिलिलिटर व्हिस्कीत साधारण वीस ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. साठ-पासष्ट किलोच्या माणसाच्या रक्तात तेवढ्यानं अंदाजे ४५ ते ५० मिलिग्रॅम प्रमाण होतं. म्हणजे एका मोठ्या पेगमध्येच मर्यादा ओलांडली. एका क्वार्टरनंतर आकडा १३०-१४० च्या घरात जाऊ शकतो, आणि शरीर तासाला सरासरी १५ मिलिग्रॅमच्या आसपासच उतरवतं. रात्री बारापर्यंत क्वार्टर संपवलेला ड्रायव्हर पहाटे पाचला हळदीची गाडी घेऊन निघाला तर त्याला स्वतःला ‘उतरली’ असं वाटतं, पण रक्तात मर्यादेच्या दुप्पट शिल्लक असू शकते. लिंबू, काळा चहा, थंड पाण्याची अंघोळ यानं वास कमी होईल, आकडा कमी होत नाही. हातभट्टीचं तर प्रमाणच कुणाला माहीत नसतं.

जागेवर पावती फाडून सुटका नाही

हेल्मेट, सीटबेल्टसारखे काही गुन्हे जागेवर तडजोड शुल्क भरून मिटतात. ती यादी कलम २०० मध्ये आहे आणि तिच्यात १८५ नाही. त्यामुळे रस्त्यावर कुणी ‘इथंच पाच हजार द्या, मिटवून टाकू’ म्हणालं तर ते पैसे सरकारजमा होत नाहीत. प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जायलाच हवं.

गुन्हा जामीनपात्र आहे. अटक झाली तरी जामीन हा हक्क आहे, मेहरबानी नाही. अटकेचं कारण सांगणं, नातेवाइकांना कळवणं, वकिलाशी बोलू देणं आणि कोठडीत ठेवलंच तर २४ तासांच्या आत न्यायालयासमोर उभं करणं ही पोलिसांची जबाबदारी आहे.

गाडीचं काय? बहुतेक वेळा गाडी ठाण्यात लावतात. सोबत न प्यालेला, लायसन्स असलेला माणूस असेल तर गाडी त्याच्या ताब्यात द्यावी आणि केवळ चालक प्यालेला म्हणून गाडी अडकवून ठेवू नये, असं तेलंगणा उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये म्हटलं. ते महाराष्ट्राला बंधनकारक नाही, पण वकील त्याचा दाखला देऊ शकतात. गाडी अडकलीच तर न्यायालयात अर्ज करून ती सुपूर्दनाम्यावर सोडवता येते. अर्जाला उशीर करू नका, कारण ठाण्याच्या आवारात उभ्या गाडीचे टायर आणि बॅटरी कुणी सांभाळत नाही.

लायसन्स : खरा फटका इथं बसतो

कलम २० नुसार, १८५ खाली दोषी ठरलेल्या माणसाला किमान सहा महिने गाडी चालवण्यास अपात्र ठरवण्याचा आदेश न्यायालयानं द्यायचा असतो. ‘देऊ शकतं’ असं नाही, ‘देईल’ असं कायद्याचं शब्दांकन आहे. दहा हजारांचा दंड एकदाच जातो. पण ज्याची रोजीरोटी ऑटोवर, काळीपिवळीवर किंवा मालाच्या टेम्पोवर आहे, त्याला सहा महिने घरी बसावं लागतं, आणि फायनान्सचा हप्ता काही थांबत नाही. या काळात लपूनछपून गाडी काढली आणि सापडला तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, हा वेगळा गुन्हा होतो.

न्यायालयाशिवाय दुसरी एक वाट आहे. २०१९ पासून पोलिसांनी असं लायसन्स जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडे पाठवायचं असतं. आपल्या भागातल्या लायसन्सचं प्रकरण हिंगोलीच्या एमएच-३८ कार्यालयात जातं. तिथून नोटीस आली तर दुर्लक्ष करू नका. कलम १९ प्रमाणे तुमचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय कारवाई करता येत नाही आणि आदेश निघालाच तर ३० दिवसांत अपील करता येतं. लायसन्स जप्त करताना त्याची पोचपावती मागून घ्या.

आता त्या ‘कबूल’ शब्दाकडे येऊ. गुन्हा कबूल केल्यावर दंडाधिकाऱ्यांनी दोषी ठरवलं, तर ‘मी दोषी नव्हतो’ म्हणून अपील करता येत नाही. शिक्षा जास्त झाली किंवा बेकायदा झाली, एवढ्यापुरतंच वर जाता येतं. म्हणजे मशीन बिघडलेलं होतं, चाचणीच झाली नव्हती, गाडी दुसराच चालवत होता, हे सगळं बोलण्याची जागा त्या दिवशी बंद होते. ज्यानं खरोखर प्यायली होती, कागद व्यवस्थित आहेत, आकडा स्पष्ट आहे, त्यानं कबुली देऊन कमी शिक्षेची विनंती करणं समजू शकतं. अनेक वकीलही तोच सल्ला देतील. खाडीत नोकरीला जायची तयारी असलेल्या मुलांना तर प्रकरण लवकर संपवायची घाईच असते, कारण फौजदारी खटला प्रलंबित असताना पासपोर्टसाठी न्यायालयाच्या परवानगीचा प्रश्न येतो. पण हा निर्णय कागद बघून घ्यायचा, शरमेपोटी नाही.

कागद म्हणजे कोणते?

पोलीस आधी संशयाचं कारण असेल तर श्वास चाचणी मागू शकतात, तेही गणवेशातला अधिकारी असेल तर. मशीन केंद्र सरकारनं मान्य केलेल्या प्रकारचं हवं. चाचणीची छापील पट्टी निघते. तिच्यावरची तारीख, वेळ, आकडा आणि नाव तपासा. मशीन शेवटचं कधी तपासून प्रमाणित केलं, त्याचं प्रमाणपत्र बचाव पक्ष न्यायालयात मागू शकतो.

तोंडात नुकतीच गेलेली अल्कोहोलयुक्त गोष्ट, म्हणजे माऊथवॉश किंवा काही खोकल्याची औषधं, काही मिनिटं मशीनला फसवू शकतात. त्याचा परिणाम साधारण पंधरा मिनिटांत ओसरतो. म्हणून आयुष्यात थेंबही न घेतलेल्या माणसाचा आकडा वर आला तर त्यानं शांतपणे सांगावं की औषध घेतलं आहे, थोड्या वेळानं पुन्हा चाचणी घ्या. कलम २०३ मध्येच लिहिलं आहे की अटक केलेल्या माणसाला ठाण्यात पुन्हा श्वास चाचणीची संधी द्यायची. ही संधी मागा आणि तुम्ही मागितली होती याची नोंद करायला लावा. औषधाची बाटली आणि चिठ्ठी जपून ठेवा.

चाचणीला नकार देणं मात्र शहाणपणाचं नाही. कलम २०५ सांगतं की सबळ कारणाशिवाय नकार दिला तर तो सरकारी पक्षाच्या पुराव्याला बळ देणारा धरता येतो. न प्यालेल्या माणसाला तर रक्ततपासणी हाच सगळ्यात मोठा साक्षीदार आहे. महिलेचं रक्त पुरुष डॉक्टर घेत असेल तर दुसरी महिला हजर असणं बंधनकारक आहे.

सिद्धेश्वरसारख्या गावात सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा म्हणजे दोन तास. कलम २०२ खाली अटक केलेल्या माणसाची नोंदणीकृत डॉक्टरकडून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर त्याला कोठडीतून सोडावं लागतं. धरणावरून ठाणं, ठाण्यातून ग्रामीण रुग्णालय किंवा थेट हिंगोलीचं जिल्हा रुग्णालय, रात्रीची वेळ, गाडीची उपलब्धता, डॉक्टर दुसऱ्या पेशंटमध्ये अडकलेले. या सगळ्यात दोन तास सहज निघून जातात. म्हणून अटक किती वाजता झाली आणि डॉक्टरांनी किती वाजता तपासलं, या दोन वेळा लिहून ठेवा. पण गैरसमज नको. दोन तास उलटले म्हणून गुन्हा आपोआप रद्द होत नाही. कोठडीतून सुटका हा एक हक्क झाला आणि उशिरा घेतलेल्या नमुन्याचं वजन किती, हा खटल्यातला वेगळा प्रश्न आहे.

कित्येकदा चाचणीच होत नाही. डॉक्टर नुसतं लिहितात : तोंडाला दारूचा वास, चाल अडखळती, डोळे लाल. महाराष्ट्रातल्याच एका अपघाताच्या खटल्यात १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की केवळ वास आणि अशा लक्षणांवरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही, त्यासाठी रक्त किंवा लघवीची तपासणी हवी होती. आजचं कलम १८५ तर सरळ आकड्यावरच उभं आहे. आकडाच नसेल तर वकिलानं पहिलं बोट तिथं ठेवावं.

रक्ताच्या नमुन्याचं महत्त्व कळायला मुंबईचा सलमान खान खटला आठवावा. २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे वांद्र्यात बेकरीबाहेर झोपलेल्या कामगारांवर गाडी गेली. एक जण मेला, चार जखमी झाले. सत्र न्यायालयानं ६ मे २०१५ रोजी पाच वर्षांची शिक्षा दिली आणि मुंबई उच्च न्यायालयानं १० डिसेंबर २०१५ रोजी निर्दोष सोडलं. तो गाडी चालवत होता आणि दारूच्या अमलाखाली होता, हे सरकारी पक्षाला संशयापलीकडे सिद्ध करता आलं नाही, असं उच्च न्यायालय म्हणालं. रुग्णालयात रक्त किती घेतलं, प्रयोगशाळेत किती पोचलं, मधल्या काळात ते कुणाकडे होतं, यावर बचाव पक्षानं बराच भर दिला होता. राज्य सरकारनं सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. या निकालानं फुटपाथवरच्या कुटुंबांच्या पदरात काय पडलं, हा सवाल आजही बोचतो. पण कायद्याच्या दृष्टीनं गोष्ट साधी आहे : सील, सही, वेळ आणि तारीख यांची साखळी तुटली की मोठ्यात मोठा खटला कोसळतो. हाच नियम सिद्धेश्वरच्या टेम्पोवाल्यालाही लागू आहे, फक्त त्याच्यासाठी कुणीतरी ते कागद मागायला हवेत. नमुना घेताना कातडीला स्पिरिटचा बोळा लावला का, बाटलीत रक्त टिकवणारं रसायन होतं का, सील शाबूत होतं का, हे प्रश्न डॉक्टर आणि तपास अधिकाऱ्याच्या उलटतपासणीत विचारता येतात.

नमुन्याची दुसरी बाजू पुण्यात दिसली. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात पोर्श गाडीनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता आणि ससून रुग्णालयात त्याचं रक्त बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. नमुन्याशी छेडछाड हा बचाव नव्हे, तो स्वतंत्र आणि मोठा गुन्हा आहे. ‘ओळखीचा कंपाउंडर आहे, बघतो’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकाला तिथंच थांबवा.

बाकी बचावाचे मुद्दे प्रकरणानुसार. गाडी खरंच तुम्ही चालवत होता का, की बंद गाडीत मागच्या सीटवर झोपला होता? ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण मागण्यासाठी लगेच लेखी अर्ज करा. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवायला सांगितले आहेत, पण चित्रण कायमचं राहत नाही. पहिल्या गुन्ह्याची दखल न्यायालयानं एक वर्षाच्या आत घ्यायची असते, ही मुदतही वकिलानं तपासावी. आणि न वाचता कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या पंचनाम्यावर सही करू नका.

अपघात झाला असेल तर गोष्टच वेगळी

इथपर्यंतचं सगळं कुणाला इजा झाली नसेल तेव्हाचं. माणूस गेला तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, ज्यात निष्काळजीपणानं मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या कायद्यात ती दोन वर्षं होती. दारूच्या अमलाखाली, परिणाम काय होऊ शकतो हे माहीत असताना बेफाम गाडी हाणली असं दिसलं तर कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध. त्यात दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि जामीनही हक्कानं मिळत नाही. वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेले सात मजूर चिरडले गेले होते. त्या चालकाला सदोष मनुष्यवधाखाली दिलेली तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१२ मध्ये कायम केली. अपघातानंतर जखमीला दवाखान्यात नेणं हे चालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे. पळून गेलात तर पुढचा प्रत्येक मुद्दा तुमच्याविरुद्ध जातो.

विम्याबद्दल लोक गाफील असतात. प्यायलेल्या चालकाच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते, आणि एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्यासाठी श्वास किंवा रक्ताची चाचणी झालीच पाहिजे असं नाही. इतर परिस्थितीवरूनही कंपनी ते दाखवू शकते. म्हणजे फौजदारी खटल्यात सुटलेला माणूस विम्यात हरू शकतो. मृताच्या किंवा जखमीच्या कुटुंबाला मात्र भरपाई अडू नये म्हणून कंपनीनं आधी पैसे द्यावेत आणि नंतर ते गाडीमालकाकडून वसूल करावेत, असे आदेश न्यायालयं देतात. ती वसुली शेत-घरापर्यंत येऊ शकते.

आपलं माणूस दुसऱ्याच्या प्यालेल्या गाडीखाली सापडलं असेल तर उलट बाजूनं जागं राहा. चालकाचं रक्त त्याच रात्री घेतलं गेलं का, हे ठाण्यात विचारा आणि फिर्यादीत नोंदवून घ्या. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाईचा दावा करायला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, तेव्हा चाळिसावं झाल्यावर बघू, असं करता करता वर्ष घालवू नका.

घरच्या मोठ्यांसाठी आणखी दोन कलमं. प्यालेल्या माणसाला ‘चल, जवळच तर जायचंय’ म्हणून गाडी चालवायला लावणाऱ्याला कलम १८८ खाली तीच शिक्षा होऊ शकते. आणि अठरा वर्षांखालच्या मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

वकील परवडत नसेल तर

महिला, मुलं, कोठडीत असलेली व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीतले आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चानं वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. अर्ज तालुका विधी सेवा समितीत किंवा हिंगोलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करायचा, किंवा १५१०० या मोफत क्रमांकावर फोन करायचा. जाताना नोटीस किंवा गुन्ह्याची प्रत, श्वास चाचणीची पट्टी, वैद्यकीय तपासणीचा कागद आणि लायसन्स जप्तीची पोचपावती सोबत घ्या. पहिल्या तारखेला वकील नसेल तर न्यायाधीशांना तसं सांगून पुढची तारीख मागा. ‘गुन्हा कबूल आहे का?’ या प्रश्नाला त्या दिवशी ‘हो’ म्हणण्याची सक्ती कुणावरही नाही.